पहिल्या तीन दिवसांचं दूध

माझा मुलगा पाचव्या दिवशी गेला. शनिवार होता.

दुष्काळ सरल्यानंतरच्या वर्षी मी बाळंतपणाला माहेरी गेले होते, सांगलीकडच्या उसाच्या गावात. घर मोठं, आणि शहाणपणाला तर तोटाच नव्हता. माझ्यासाठी डिंकाचे लाडू, बाजेखाली शेगडी, अंग चोळायला सुईण. शिवाय सगळ्यांचं एकमत, की बाळंतिणीचं पहिलं दूध जड असतं, ते पिळून टाकायचं. तीन दिवस बाळाला गुळाचं पाणी, कापसाच्या बोळ्यानं.

माझ्या बाळंतपणाच्या आदल्याच दिवशी आमच्या मळ्यात ऊस तोडायला आलेली एक बाई बाळंत झाली होती. जतकडची. पाचटाची खोप, खाली पोतं. कोयत्याचं पातं जाळावर धरून नाळ कापली, हे ऐकून आत्यानं नाक मुरडलं. "जनावरं हाईत नुसती."

मी बाळंत झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ती बाई पोराला छातीशी बांधून कढत पाणी मागायला परसात आली. मी खिडकीशी बाजेवर पडले होते. आईनं मायेनं सांगितलं, "अगं, तीन दिवस पाजू नगंस त्याला. चीक असतो त्यो. सोसायचा न्हाई."

ती मोठ्यानं हसली. "आवं आक्का, म्हशीचा चीक तुमी खरवस करून ताटलीनं खाता. बाईचाच तेवढा वाईट व्हय? म्या तर नाळ कापली की लगेच पाजलं."

"लय शानी हायस," आत्या म्हणाली. "म्हशीशी बरोबरी करतीया!"

"म्हशीनं तुमचं काय वाकडं केलंय, आत्याबाई?"

मी सगळं ऐकत होते. मी अकरावी पास. शाळेच्या शरीरशास्त्राच्या पुस्तकात ती बाई म्हणत होती तेच वाचलं होतं आणि त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघही मारली होती. रेघ छान सरळ आली होती. पण आईपुढं तोंड उघडलं नाही. शिकलेली मुलगी घरात किती नम्र राहते, याचं आमच्याकडे फार कौतुक होतं. मी वाटीत दूध पिळत राहिले आणि कुणीतरी ती वाटी परसात ओतून येत राहिलं.

तिसऱ्या दिवशी त्याला जुलाब लागले. चौथ्या दिवशी छातीशी धरलं, तर त्याच्यात ओढायची ताकद नव्हती. डॉक्टरांनी विचारलं, "पोटात काय देत होता?" उत्तर मी दिलं.

मग भेटायला बायका आल्या. कुणी म्हणाली नजर लागली. एक म्हणाली, "चांगल्या घरचं लेकरू, नाजूकच असायचं. त्या खोपीतल्या पोरांना काय हुतंय? दगडाची असत्यात ती." आईनं मान हलवली. मूल गेलं त्यातूनही आमच्या घरानं आपला मोठेपणा काढून घेतला: मेलं, कारण ते उंची होतं. त्या वेळी उसाच्या बांधावर झोळीत खोपीतलं ते पोर रडत होतं. चांगलं खणखणीत. बायकांना ते ऐकू येत होतं, आणि त्या चहा पीत होत्या.

पुढे साताऱ्याला सासरी मला दोन मुली झाल्या. सासूबाई दारात उभ्या राहून बोलत होत्या, तरी दोघींना मी पहिल्या तासातच पाजलं. दोघी आज आहेत. मुलाचं बारसं व्हायचं होतं, त्यामुळे त्याला नाव नाही.