दसऱ्याआधीची लाल पाने

माझ्या धाकट्या जावेच्या शोकेसमध्ये, स्टीलच्या मोराशेजारी, मेपलचे एक वाळलेले पान काचेला टेकवून ठेवलेले असे. तिचा मुलगा अमेरिकेला गेला, त्याच्या पहिल्याच वर्षी त्याने ते पुस्तकात दाबून आईला पाठवले होते. मी शाळेत भूगोल शिकवत असे. निवृत्त होईपर्यंत पानझडी वनांचा पाठ दरवर्षी घेतला, आणि एका वर्षी तो याच मुलाने पहिल्या बाकावर बसून ऐकला. नमुना म्हणून माझ्याजवळ सागाचे पान असे, कन्नडच्या घाटातून आणलेले. सागाचे पान आकाराने मोठे आणि स्पर्शाला खरखरीत असते. वाळल्यावर ते तपकिरी होते, लाल होत नाही. जावेकडे चहाला गेले की मी त्या शोकेसकडे पाठ करून बसत असे.

हेवा आणि मत्सर यांत फरक आहे, असे मी वर्गात सांगत असे. दुसऱ्याजवळ आहे ते आपल्यालाही मिळावे असे वाटणे हा हेवा. ते त्याला मिळूच नये असे वाटणे हा मत्सर. मुलींना ही व्याख्या पटकन समजे. मला ती नीट समजायला अधिक महिन्याचे एक वर्ष लागले.

त्या अधिक महिन्यात एके दुपारी जाऊ घरी आली. चप्पल काढता काढताच बोलायला लागली.

“ताई, पोरगा बोलावतोय. या टायमाला नुसतं त्याच्या घरात बसून भांडी घासायची नाय म्हणतोय. चार शहरं फिरवतो म्हणतोय. तुम्ही भूगोलाच्या. कुठं कुठं जावं, तुम्हीच सांगा.”

तिचा मुलगा बोस्टनजवळ नोकरीला आहे. आम्हा दोघी जावांनी अमेरिकेचा व्हिसा मुंबईला जाऊन एकाच दिवशी काढला होता. त्यानंतर ती दोनदा जाऊन आली. माझ्या यजमानांचे आजारपण सुरू झाले, ते त्यांच्याबरोबरच संपले, आणि माझ्या पासपोर्टात आजवर त्या व्हिसाचे एवढेच पान भरलेले आहे.

शाळेने जुना म्हणून टाकून दिलेला उत्तर अमेरिकेचा भिंतीवरचा नकाशा माझ्याकडे आहे. तो मी दिवाणावर उलगडला आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या.

“आम्ही दसरा झाल्यावर निघावं म्हणतो,” जाऊ म्हणाली.

“दसऱ्यानंतर? काटक्या बघायला जायचे आहे का?”

मी समजावून सांगू लागले. तिकडे पाने एकदम सगळीकडे रंगत नाहीत. थंडी उत्तरेकडून येते, म्हणून रंग आधी वरच्या डोंगरांत येतो आणि मग दक्षिणेकडे उतरतो. तेव्हा पहिला मुक्काम व्हरमाँटच्या डोंगरांत, बर्लिंग्टनला. तिथून खाली बोस्टन, मग न्यूयॉर्क, आणि शेवटी वॉशिंग्टन. रंगाच्या मागून धावायचे नाही, त्याच्यासोबत उतरायचे. मी बोट नकाशावरून सावकाश खाली आणले. मोबाइलवर तिला त्या डोंगरांची छायाचित्रे दाखवली. मेपलचे अख्खे डोंगर, कुंकवाचा करंडा सांडावा तसे.

“अगं बाई,” जाऊ म्हणाली. “हे असं असतं?”

“असते. पण दसऱ्याआधी.”

“पण मग नवरात्र?”

येथे आमच्या घरची एक रीत सांगितली पाहिजे. आमचे मूळ घर सिल्लोडचे. शेती वाटली गेली, दोघे भाऊ शहरात आले, पण देवीचा घट मात्र एकच राहिला. तो एका वर्षी थोरल्याकडे बसतो, एका वर्षी धाकट्याकडे. घट बसला की नऊ दिवस दिवा विझू द्यायचा नाही, आणि दिव्याजवळ घरची सून हवी. कुलूप लावून जाता येत नाही, शेजारणीला सांगून जाता येत नाही. त्या वर्षीची पाळी जावेची होती. अधिक महिन्यामुळे नवरात्र पुढे सरकले होते आणि ते नऊ दिवस नेमके रंगाच्या भरात येत होते.

मी नकाशाकडे पाहिले. आराखडा इतका बिनचूक झाला होता की त्यातला एकही मुक्काम हलवावा असे मला वाटेना.

“घट माझ्याकडे बसवू,” मी म्हणाले. “पाळी बदलता येते.”

जावेने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिले. “तुम्ही बसवता? तुम्ही स्वतः?”

“मीच. दुसरे कोण आहे?”

ती काही बोलणार होती. मग तिने वाट्या उचलल्या आणि नकाशा आपला आपण गुंडाळला गेला.

पुढचे काही आठवडे ती रोज येत राहिली आणि मी रोज सांगत राहिले. बर्लिंग्टनला सरोवराच्या काठी कोणत्या वेळी उभे राहावे, न्यूयॉर्कच्या बागेत कोणत्या दारातून शिरावे, स्वेटर कोणता आणि बूट कोणते. तिने लाल स्वेटर घेतला. मी म्हटले, लाल झाडांपुढे लाल स्वेटर दिसणार नाही. तिने तोच ठेवला. तिचे यजमान, म्हणजे माझे दीर, चितेगावच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. ते सोफ्यावरून म्हणत, “वहिनी, तुम्ही इथं बसून अख्खी अमेरिका चालवताय.” मी हसत असे. हसून झाल्यावर घरी येऊन पासपोर्ट कपाटातून काढत असे आणि तो व्यवस्थित आहे हे पाहून परत ठेवत असे.

कोणीतरी म्हणावे, ताई, तुम्हीही चला. एवढेच मला हवे होते. ते मी कुणालाही सांगितले नाही. आयुष्यभर विद्यार्थ्यांना हात वर करायला लावले, आपण कधी केला नाही.

श्रावणात एका शुक्रवारी तिच्याकडे हळदीकुंकवाला बायका जमल्या होत्या. मी स्वयंपाकघरात पुरणपोळ्यांवर तूप सोडत होते. बाहेर जाऊ सांगत होती, “रंग वरून खाली उतरतो, म्हणून आपण बी वरून खाली उतरायचं. त्याच्या मागं पळायचं नाय, त्याच्या संगं जायचं.” बायका म्हणाल्या, “किती अभ्यास केलाय हो तुम्ही!” ती म्हणाली, “मग काय, उगं जायचं का एवढ्या लांब?”

माझे वाक्य होते ते. तिने ते माझ्यापेक्षा चांगले म्हटले होते. मी तूप जरा जास्तच सोडले, आणि त्या दिवशी, व्याख्येनुसार, मी हेव्याची हद्द ओलांडली. त्या डोंगरांत पाऊस लागावा असे मला वाटले. एकच पाऊस, वाऱ्यासह. पाने गळायला तेवढा पुरतो.

तिकिटे काढायला आम्ही तिघे क्रांती चौकातल्या ट्रॅव्हल्सवाल्याकडे गेलो. तारखांत चूक होऊ नये म्हणून मी गेले होते, निदान सांगितले तरी तसे. चष्मा कपाळावर चढवलेले ते गृहस्थ जावेच्या मुलाशी आधीच फोनवर बोलले होते.

“जल्दी पक्कं करा मॅडम, सणाच्या टायमाला किराया रोज चढतो,” ते म्हणाले. “तीन तिकिटं ना?”

“दोन,” दीर म्हणाले.

“पण साहबजादे तर तीन बोलले होते.”

मी जावेकडे पाहिले. ती पर्सची चेन लावत होती आणि उघडत होती.

“ते आधीचं हो,” ती त्यांना म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “ताई, पोरगा तुम्हाला घेऊनच या म्हणत होता. म्हणून तर दसरा झाल्यावर जाऊ म्हणले मी. घट उठला की तिघं मोकळे. पण तुम्हीच म्हणल्या, काटक्या.”

“मग तेव्हा बोलली का नाहीस?”

“बोलणारच होते. तर तुम्ही म्हणल्या, घट मी बसवते. मला वाटलं, तुम्हाला यायचंच नाय. नाय म्हणायची ही तुमची रीत असंल.”

बाहेर चौकात हॉर्न वाजत होते. ते गृहस्थ कीबोर्डवर बोटे ठेवून थांबले होते.

“मी सांगितले ते वरच्या डोंगरांपुरते,” मी म्हणाले. वर्गात फळ्यावरचे वाक्य पुसताना माझा आवाज होई तसा झाला होता. “दसऱ्यानंतर बोस्टनला रंग मिळेल. न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनला तर तेव्हाच येतो. बर्लिंग्टन तेवढे गाळू. मला... मला यायचे आहे.”

दीर सरळ बसले. जाऊ म्हणाली, “म्हणजे डोंगर नाय?”

“डोंगर गळून गेलेले असतील.”

“पण खाली बी तसंच लाल असतं ना?”

एवढेच तिला हवे होते, आणि एवढेच मला सांगायचे होते. एक शब्द पुरेसा होता. माझे म्हणणे ताडून पाहणारे त्या दुकानात कोणी नव्हते. पण तिने प्रश्न विचारला होता, आणि उत्तर मला येत होते.

“तितके नाही,” मी म्हणाले.

जावेने हातातला फोन माझ्याकडे वळवला. पडद्यावर मीच पाठवलेला डोंगर होता.

“ताई, राग मानू नका,” ती म्हणाली. “आता मला तेच बघायचंय. तुम्हीच एवढं दाखवलं. डोळे मिटले की तेच दिसतंय.”

“वहिनी, पुढल्या वर्षी नक्की...” दीर म्हणू लागले.

“दोनच काढा,” मी त्या गृहस्थांना म्हणाले.

घट माझ्याकडे बसला. परडीत शेतातली काळी माती घातली, सिल्लोडहून आलेले गहू पेरले, दिवा लावला. दिव्याजवळ बसून मी रोज तिकडचे हवामान पाहत असे. पाऊस आला नाही. आकाश रोज निरभ्र, थंडी रोज हवी तेवढी. माझ्या आराखड्यात एकही चूक निघाली नाही.

पाचव्या माळेला, संध्याकाळची आरती झाल्यावर, व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. जाऊ लाल स्वेटर घालून डोंगरापुढे उभी होती, आणि स्वेटर चांगला उठून दिसत होता. झाडांचा लाल निराळा होता.

“ताई, लई लाल आहे हो! तुम्ही सांगितलं त्याच्याहून लाल!”

“तुझ्या मागचे पिवळे झाड मेपलचे नाही. ते बर्च.”

“असू द्या. तुमच्यासाठी पान आणू का?”

“नको.”

मग पडद्यावर तिचा मुलगा आला. “मोठी आई, घट दाखव ना.”

मी फोन परडीकडे वळवला. गव्हाचे अंकुर बोटभर झाले होते, फिके पिवळे. कोपऱ्यात ऊन येत नाही. उजेड नसला की हरितद्रव्य तयार होत नाही. हे मी त्याला सांगायला तोंड उघडले, तर त्यानेच ते सांगून टाकले, शब्दन् शब्द, आणि म्हणाला, “इथली पानं पण हिरवं सोडल्यावरच पिवळी होतात ना?” मी त्याला शाबास म्हटले. हे उत्तर तिथे, त्या झाडांखाली उभे राहून देता येते याचाही मला त्याक्षणी हेवा वाटला.

जाऊ पुन्हा पडद्यावर आली.

“पुढच्या वर्षी घट तुझ्याकडे,” मी म्हणाले. “नवरात्र पुन्हा रंगातच येते. मी पंचांगात पाहिले आहे.”

“म्हणजे मी बसायचं?”

“तूच. दुसरे कोण आहे?”

“आणि तुम्ही?”

“मी तिथे, तू उभी आहेस तिथे.”

मागून दिरांचे हसणे ऐकू आले. “घ्या! वहिनींनी तिकीट काढलं सुद्धा.”

जाऊही हसली, पण जरा उशिराने. मग तिने मान वळवून डोंगराकडे एकदा पाहिले, आपली वस्तू कुणी उसनी मागितल्यावर पाहावे तसे. ती नजर मी ओळखली.

“पान आणतेच बघा एक,” ती म्हणाली.

“अजिबात आणू नकोस. माझे मी उचलीन.”

“व्हय बाई, उचला,” जाऊ म्हणाली.

मी फोन ठेवला आणि दिव्यात तेल घातले.