कागदावरचे जुळे

“या वयात मी खोटं प्रतिज्ञापत्र करू?”

“दादा, खोटं तेव्हा लिहिलं होतं. आता खरं लिहायचंय.”

“कागदावर जे आहे ते आहे, ठमे. साठ म्हणजे साठ.”

“अठ्ठावन्न! सकाळपासून घसा कोरडा करतेय मी.”

“हळू बोल. शेजारी ऐकतात.”

“माझ्या शेजाऱ्यांना मराठी येत नाही. तुझे ऐकू देत. आणि आधी तोंड दाखव. मघापासून मी तुझ्या कानाशी भांडतेय.”

खरंच, बाबा सरकत सरकत फोनच्या चौकटीबाहेर गेले होते. साखरेच्या डब्याला टेकवलेला फोन मी पुन्हा त्यांच्याकडे वळवला. टेबलावर टाईप केलेलं प्रतिज्ञापत्र, त्यावर पेन. बाबांची सही हवी होती, बस्स. वकीलबाई दुपारी गावाला निघणार होत्या, त्या पंधरा दिवसांनी येणार. आत्याचा व्हिसा त्याच्या आतच संपत होता.

आत्या ही बाबांची धाकटी बहीण. मी तीन वर्षांची असताना आई गेली, तेव्हा आत्या माझी वेणी घालायला बसली ती उठलीच नाही. सकाळी शाळेत इंग्रजी, दुपारी शिकवण्या, संध्याकाळी आमच्या पोळ्या. झोपायची पुढच्या खोलीतल्या दिवाणावर. उशिरा येणारा तिला उठवून आत यायचा, लवकर जाणारा तिला उठवून बाहेर पडायचा. सकाळी गादी गुंडाळली की त्या घरात तिचं म्हणून काही दिसायचं नाही. चष्म्याची डबी तेवढी टीव्हीपाशी.

शाळेतून निवृत्त झाली आणि एका मैत्रिणीला सोबत म्हणून कसल्याशा मुलाखतीला गेली. एका एजंटाला परदेशात लहान मुलांना इंग्रजी शिकवायला माणसं हवी होती. मैत्रीण राहिली बाजूला, निवडली गेली आत्या. दोन वर्षांचा करार. बाबा म्हणाले, “जाऊ दे, महिन्याभरात रडत येईल.” आणि त्यांनी स्वतःला डबा लावून घेतला.

महिन्याभराने फोनवर तिने मला खोली दाखवली. खाली धुलाईचं दुकान, त्यामुळे मशिनं सुरू झाली की तिची कपबशी टेबलावर चालायला लागायची. खिडकी, शेगडी, कपाट सगळं नंतर. सगळ्यात आधी दार.

“हे बघ. आतून कडी.” लावली, काढली, पुन्हा लावली. “आता या म्हणावं कुणी! काल आठला झोपले गं मी.”

“बरं नव्हतं का?”

“काही झालं नव्हतं. मला वाटलं, झोपावं. झोपले.”

ती हे सांगताना इतकी हसत होती की मला फोनपासून तोंड वळवावं लागलं.

शिकवायची फार मजेत. मुलांना हिची भाषा येईना, हिला मुलांची. मग माझ्या नाटकांच्या तालमीत पाहिलेलं सगळं तिने तिथे खपवलं. कंबरेत वाकून, हात थरथरवत वर्गभर फिरायची, मुलं ओरडायची, “ओल्ड!” मग पदर खोचून एका पायावर उड्या मारायची. “यंग! यंग!” एकदा मुख्याध्यापक दारात उभे राहून बघत होते. पुढचं वर्षही आमच्याकडेच काढा, म्हणाले.

मग शाळेच्या ऑफिसातल्या मुलीने तिचा करार आणि तिचं व्हिसाच्या परवान्याचं कार्ड एकाशेजारी एक ठेवलं. करार शाळेचं वर्ष संपेपर्यंतचा. परवाना साठाव्या वाढदिवसापर्यंत. मधले पाच महिने कुणाचेच नव्हते. साठीनंतर बाहेरच्या शिक्षकांना परवाना मिळत नाही, हे शाळेला वाटलं एजंटाने सांगितलं असेल, एजंटाला वाटलं शाळेने. मी एजंटाला फोन केला तर तो म्हणाला, “मॅडम, करार शाळा देते, व्हिसा सरकार देतं. दोघांची ओळख नसते.” वर, मुदतीआधी गेली म्हणून करार आत्यानेच मोडला असं धरणार.

“नवरीला मांडवातून हाकला आणि वर म्हणा पळून गेली,” आत्या म्हणाली. मला हसू आलं, तिला आलं नाही.

पण आत्या साठीची नव्हतीच. बाबा सहा वर्षांचे असताना शाळेत जायला तयार होईनात. फाटकाशी लोळण. ‘ठमी आली तरच जाईन.’ आजोबांनी, म्हणजे नानांनी, चार वर्षांच्या ठमीला कडेवर घेतलं आणि नेलं. मास्तर म्हणाले, सहा पूर्ण लागतील. आजोबा म्हणाले, “लिहा की मग सहा. मुलीच्या वयाला कोण विचारतंय?” मास्तरांनी बाबांची जन्मतारीख खालच्या ओळीत पुन्हा उतरवली. झाले जुळे. घरात पाहुणे आले की बाबाच ही गंमत सांगायचे, अगदी रंगवून, लोळण्यासकट.

“वकीलबाई काय म्हणाल्या, सांग गं याला परत,” आत्या फोनमधून म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं. घरातल्या वडीलधाऱ्याचं प्रतिज्ञापत्र असेल तर जन्मतारखेच्या दुरुस्तीचा अर्ज घेतात. अर्जाची पोच दाखवली, तर निकाल लागेपर्यंत तिकडचं कार्यालय परवाना चालू ठेवायला तयार आहे. आणि वडीलधारं माणूस आता एकच उरलंय.

“उद्या माझ्या पेन्शनला कुणी हात लावला म्हणजे?”

“तुझी तारीख खरीच आहे की रे! खोटी माझी आहे.”

“लोक काय म्हणतील?”

“कोण लोक? डबेवाला?”

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “दिवाण तसाच ठेवलाय तुझा,” ते म्हणाले. “दर रविवारी चादर बदलतो. मी. माझ्या हाताने.”

खाली धुलाईची मशिनं सुरू असावीत, आत्याचा चेहरा बारीक थरथरत होता.

“दादा, मला दिवाण नको रे.”

“मग पाच महिन्यांनी तरी येणार आहेस का?”

“पुढचं वर्षही देतो म्हणालेत. वयात बसले तर.”

“बघ! म्हणजे यायचंच नाही.”

“मी यायचं नाही असं नाही म्हणत. ठरवायचं मला, एवढंच म्हणतेय. एकदा.” ती जवळ सरकली, पडदाभर तिचे डोळे. “मला बघायला आलेला तो पोस्टातला मुलगा आठवतो?”

मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. बाबा टेबलाकडे बघत होते.

“सगळं पसंत होतं त्यांना. मग त्याच्या आईने शाळेचा दाखला पाहिला. मुलीचं वय जास्त आहे म्हणाल्या. नाना काही बोलले नाहीत. तू माझ्या शेजारी उभा होतास, दादा. एवढंच म्हणायचं होतंस, ही माझ्याहून लहान आहे. तू पाणी प्यायला आत गेलास.”

“ठमे, त्याला किती वर्षं...”

“तेव्हा नानांची भीती होती तुला. मी समजून घेतलं. आता नाना नाहीत. आता कुणाची भीती आहे?” तिचा आवाज अगदी खाली आला. “सही राहू दे. नुसतं तोंडाने म्हण. मी तुझ्याहून लहान आहे ना रे?”

बाबांनी पेन उचललं. मला वाटलं, करतात सही. त्यांनी पेनाला टोपण लावलं, प्रतिज्ञापत्राच्या कडा नीट जुळवल्या, ते टेबलाच्या मधोमध ठेवलं. मग सकाळचा रिकामा डबा पिशवीत टाकला आणि उठले.

“दादा?”

दारापाशी चपला सापडायला त्यांना वेळ लागला. पायाने चाचपत राहिले, खाली पाहिलं नाही.

“दादा, ऐकू येतंय का?”

जिन्यावर त्यांची पावलं वाजली. मी खिडकीशी गेले. वकीलबाईंचं ऑफिस फाटकाच्या डावीकडे. बाबा उजवीकडे वळले.