बोल्टाखालचा हिरवा रंग

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, गॅरेजात वीस वर्षं सोबत असलेल्या माणसांना नाही. तुम्हालाही सांगणार नव्हतो. पण आता बसलोच आहोत, तर ऐका. मधे थांबलो तर थांबू द्या. घाई करू नका.

मी दारव्ह्याचा मोटार मिस्त्री. त्या काळी तालुक्यात मोटारी किती, तर बोटांवर मोजाव्यात इतक्या, आणि त्यातली एकही माझ्या हाताखालून गेल्याशिवाय राहत नसे. मला कानाचा मोठा गर्व होता. गाडी रस्त्याच्या वळणावर असतानाच मी सांगायचो, तिसऱ्या सिलेंडरचा प्लग गेला आहे. लोक तोंडात बोट घालायचे आणि मी बिडी शिलगावून दुसरीकडे बघायचो. त्यांनी आणखी काही म्हणावं म्हणून! असा होतो मी.

आबासाहेब नावाचे कापसाचे व्यापारी होते, सरकी काढायची जिनिंगही त्यांचीच. त्यांच्याकडे लढाईच्या आधीची एक हिरवी मोटार होती. जुनी, पण घोड्यासारखी. ती चालवायचा संपत. त्याच्या लोकांनी छप्पन साली धम्म घेतला, घरातले देव नदीत सोडले, तेव्हा संपत पंचविशीचा असेल. त्याच्या वस्तीतला स्टिअरिंग धरणारा तो पहिला माणूस. गाडी वस्तीवरून गेली की म्हाताऱ्या बाया दारात येऊन उभ्या राहायच्या, गाडी बघायला नाही, त्याला बघायला. आणि गाडीवर त्याचा जीव किती! चिखलाचा एक थेंब राहू देत नसे.

धम्म घेतल्यानंतर तीन-चार वर्षांनी असेल, दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी ती गाडी नटवायला घेतली. आबासाहेबांनी बाहेरून पुसायला सांगितलं होतं. पण माझी हौस— मी बॉनेटखालचा सगळा भाग खरवडून हिरवागार रंगवून काढला. बॅटरी, वायरी, सगळं सोडवलं आणि रंग वाळताच पुन्हा जोडून टाकलं. दसऱ्याला चारचौघांसमोर बॉनेट उघडावं आणि लोकांनी वा म्हणावं, एवढंच डोक्यात. तसं झालंही. वा म्हणाले लोक.

मग पूजा झाली. आमच्याकडे रीत अशी, की जो गाडी चालवतो त्यानंच चाकापुढे नारळ फोडायचा. आबासाहेबांनी नारळ पुढे केला. संपतनं सकाळी उठून गाडी धुतली होती, झेंडूच्या माळा स्वतः बांधल्या होत्या. पण नारळ पाहून त्यानं हात जोडले.

"मालक, गाडी म्या जिवापाड सांभाळीन. पन हे माह्याकडून होनार नाई. आमी सोडलं हे."

आबासाहेब चिडले नाहीत. नुसते म्हणाले, "ज्याच्या हाती गाडी, त्याच्याच हातचा नारळ लागते, संपत." आणि तो नारळ तसाच कचेरीतल्या कोनाड्यात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी लागली नाही.

सेल्फ दाबला की नुसतं कण्हायची. कट्— आणि गप्प. पहिल्यांदा सगळ्यांनी पहाटेच्या गारव्याला दोष दिला. मग मला बोलावणं आलं. मी प्लग काढून घासले. पॉइंट साफ केले. कार्बोरेटर फुंकला. बॅटरी यवतमाळला पाठवून चार्ज करून आणली. दर वेळी ऐटीत म्हणायचो, आता लागेल. दर वेळी तोंडावर पडायचो. संपत रोज समोर हँडल घालून, घामाघूम होऊन, इंजिन हातानं फिरवून गाडी चालू करायचा.

आणि लोक बोलायला लागले. नारळ फोडला नाही ना, मग! चहाच्या टपरीवर, जिनिंगच्या फाटकात तेच. संपतची स्वतःची आईसुद्धा तेच म्हणू लागली. संपतचं उत्तर ठरलेलं असायचं. "गाडीले कारन असते. मिस्त्री काढतीन कारन. निघन." माझ्यासमोर म्हणायचा, चारचौघांत म्हणायचा. त्याचा सगळा भरवसा माझ्यावर होता हो! देवावर नव्हता, माझ्यावर होता.

आता पुढचं. हे सांगायला मला— असो.

एक दिवस काही सुचेना म्हणून मी टायमिंग थोडं पुढे ओढलं. म्हणजे ठिणगी जरा आधी पडावी, इंजिन लवकर पकडेल. हे अंधारात दगड मारणं होतं, आणि मला ते माहीत होतं. हँडलवर चालवायच्या गाडीचं टायमिंग असं ओढायचं नसतं. ठिणगी आधी पडली तर हँडल उलटं फिरतं, ही पहिल्या वर्षात शिकवली जाणारी गोष्ट. संपतला मी सांगितलं का? नाही सांगितलं. आपण अंदाजानं काम करतोय हे कोण सांगतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी हँडल उलटं आलं. मनगट मोडलं. आवाज मी ऐकला, मी तिथेच होतो. त्या कानानं ऐकला.

त्याला टांग्यात घालून नेलं आणि मी गाडीपाशी एकटाच उरलो. दुपार झाली तरी तिथेच होतो. काहीतरी करायचं म्हणून बॉनेट उघडून मी खिडकीतून हात घालून सेल्फ दाबला, दोनदा, तीनदा, आणि पुढे येऊन बॉनेटखाली वाकताना तोल जाऊन हात चेसिसवर टेकला. बोट भाजलं. बॅटरीची, वीज परत नेणारी अर्थिंगची पट्टी जिथे चेसिसला जोडतात, तो बोल्ट तापला होता. फक्त तोच.

मी पाना लावून बोल्ट काढला. खाली रंग. हिरवा, गुळगुळीत, माझ्या ब्रशच्या रेघांसकट. लोखंडाला लोखंड लागायला हवं तिथे मी हौसेनं रंग फासून वर पट्टी आवळली होती. वीज जाणार कुठून? पंधरा दिवस मी ती गाडी डोक्यापासून पायापर्यंत तपासत होतो, आणि दोष माझ्याच हाताखाली होता. माझ्याच हातचा.

चाकूनं खरवडला. लोखंड चमकेपर्यंत खरवडला. टायमिंग मागे घेतलं. पट्टी आवळली. आणि सेल्फ दाबणार तेवढ्यात आबासाहेब आले. हातात कोनाड्यातला तो नारळ. मागे जिनिंगची पंचवीस-तीस माणसं. आणि त्या माणसांच्या मागे संपत, हात फळीला बांधलेला. त्याला घरी जायला सांगितलं होतं, पण गाडी बघायला परत आला होता.

आबासाहेबांनी स्वतः नारळ फोडला. पाणी चाकावर शिंपडलं. म्हणाले, "लाव आता, मिस्त्री."

मी सेल्फ दाबला. पहिल्याच झटक्यात गाडी लागली. काय सांगू तो गलका! कोणी टोप्या उडवल्या, कोणी गाडीच्या पाया पडलं. मी काय केलं विचाराल? मी बॉनेटला हात जोडले. कोणी सांगितलं नव्हतं. मीच जोडले. वर पाहिलं तर संपत माझ्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी तो गॅरेजात आला. बसला नाही.

"मिस्त्री, काई तरी निघालंच असन ना? तार, पलग, काई?"

"काही नाही रे," मी म्हणालो.

"काईच नाई?"

"काहीच नाही. आपोआप लागली."

तो दाराकडे वळला. "तुमी म्हनता तं मंग..." एवढं म्हणाला आणि गेला. मला वाटलं होतं तो भांडेल. भांडला असता तर कदाचित मी— नाही. तरी सांगितलं नसतं. खोटं कशाला बोलू आता?

मनगट वाकडं जुळलं. स्टिअरिंग धरता येईना. आबासाहेबांनी दुसरा ड्रायव्हर ठेवला, आणि त्यानं पहिल्याच दिवशी न सांगता नारळ फोडला. संपत बाजारात गोणपाटावर बसून डाव्या हातानं सायकलींचे पंक्चर काढू लागला. आणि माझं नाव? वाढलं की! दर दसऱ्याला तालुक्यातल्या गाड्या माझ्या दारात, पहिला नारळ माझ्यासमोर. ती गोष्ट सांगायचे लोक, आणि मी मान हलवायचो.

दीडेक वर्षानं एका रविवारी मी मनाचा हिय्या करून त्याच्या घरी गेलो. सांगून टाकायचं ठरवूनच गेलो होतो. अनसूया, त्याची बायको, "या भाऊ" म्हणाली, चहा ठेवला. मी वाकून दारातून आत शिरलो आणि जागीच थांबलो. भिंतीतला देवांचा कोनाडा, छप्पन सालापासून रिकामा, मी स्वतः पाहिलेला— त्यात शेंदूर लावलेला दगड होता. खाली फोडलेल्या नारळाची करवंटी.

माझी नजर गेलेली संपतनं पाहिली. त्यानं वाकडा हात धोतराच्या सोग्याखाली घेतला.

"मायनं मांडला," तो म्हणाला. "वस्तीतले बोलले मले. बोलनारच. पन म्या मायले नाई म्हटलं नाई." मग अगदी हळू, मला जणू समजावत, "तुमीच तं सांगतलं ना, मिस्त्री. काईच नोतं निघालं."

मला वाटलं होतं मी त्याची नोकरी घेतली, हात घेतला. तेवढंच घेतलं होतं असं मी दीड वर्ष समजत होतो.

आणि मी काय केलं? चहा प्यालो. सगळा प्यालो. कप खाली ठेवला, येतो म्हणालो आणि आलो. पुन्हा त्या घरी गेलो नाही. संपत आता नाही. त्याची आईही नाही. गाडी भंगारात गेली, तेव्हा तो बोल्ट मीच सोडवला होता. खालचं लोखंड अजून उघडं होतं.

रंग मी लावला होता. टायमिंग मी ओढलं होतं. कारण निघालं होतं, संपत.