आत्याला वांगं बाधतं

चंपाषष्ठीला दुपारी दीड वाजता आत्याने भरिताची वाटी बाजूला सरकवली. असं तिने पहिल्यांदाच केलं. आमच्या घरात वांगं किंवा सुकट जवळजवळ रोज असते, आणि आत्या आधी खाजेची गोळी घेऊन मुकाट्याने जेवते. ‘बाधतं’ म्हटलं की तिचे दादा, म्हणजे माझे वडील, ‘नखरे’ म्हणतात.

अलीकडे तिला माणसांची नावं आठवेनाशी झाली. तिच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, शेवटी काहीच आठवत नव्हतं; आपलंही तसंच होणार, या धास्तीने ती डॉक्टरांकडे गेली. वांग्यात, सुकटीत हिस्टामीन नावाचं द्रव्य असतं आणि ते मोडण्याची ताकद प्रत्येकाला जन्मतःच कमीजास्त मिळते, असं त्यांनी सांगितलं. ते अंगात साचलं की खाज सुटते. मेंदूला मात्र जागं राहायला तेच लागतं, आणि तिची जुनी गोळी तिथेही ते अडवते. विसरण्याचं कारण गोळीच, हे ठरलेलं नाही. म्हणून गोळी आणि तिच्याबरोबर वांगंही बंद करून पाहायचं ठरलं.

‘बाधणं’ हा शब्द विचित्रच आहे. ज्याला बाधतं त्यालाच ते कळतं. बाकीच्यांनी फक्त त्याच्यावर विश्वास ठेवायचा असतो.

“दादा, रागावलास?” आत्याने विचारलं.

वडील मान खाजवत होते. “मलाही सुटते गं खाज. लहानपणापासून.”

“आणि जन्मभर मला नखरेल म्हणालास? लबाडा!”

वडिलांनी स्वतःची वाटीही सरकवली आणि तिच्या भातावर वरण वाढलं.

गोळी बंद करून आज नववा दिवस. सकाळी आत्याने गच्चीतून समोरच्या चार मुलांना नावाने हाका मारल्या. तीन नावं बरोबर होती.