उपाशी तुकड्याची शोभा

माझे दाजी गहू संशोधन केंद्राचे प्रमुख आहेत. गव्हाशी त्यांचा संबंध ताटापुरता. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण कुणीतरी त्यांना समोर बसवूनच रचली असावी. इस्त्री मोडेल म्हणून हा माणूस बांधावर कधी वाकला नाही, आणि भाषण मात्र मातीवर.

माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, त्याच केंद्रात गव्हाचे नवे वाण तयार करते. मी तिथली मळणीयंत्रं दुरुस्त करतो, त्यामुळे दोघांचीही कामं रोज बघतो. ताईला निकस मातीतही दाणा भरेल असा गहू हवा होता. त्यासाठी तिने शेताचा एक तुकडा वर्षानुवर्षं उपाशी ठेवला. ना शेणखत, ना पोत्यातलं खत. तिथे साधा गहू पिवळा पडून माना टाकायचा. तिच्या एका वाणाच्या ओळी तेवढ्या हिरव्या उभ्या राहायच्या. यंदाचे आकडे आले की तो वाण शेतकऱ्यांकडे जाणार होता. पुढच्या वर्षी ताई निवृत्त होणार.

अशात ताई परिषदेला गेली आणि इकडे बडे पाहुणे येणार असल्याचा निरोप आला. दाजींना त्या पिवळ्या तुकड्याची लाज वाटली. स्वतःच्या अडाणीपणाची कधी वाटली नाही, ती गोष्ट वेगळी. त्यांनी मजूर लावून मिश्रखत फेकलं, वर पाणी सोडलं.

ताई परतली तेव्हा सगळा तुकडा एकसारखा हिरवागार झाला होता. ती बांधावरच बसली.

"आभार मान माझे," दाजी म्हणाले. "तुझीच अब्रू झाकली."

पाहुणे आले. त्यांनी विचारलं, "यातला उपाशी मातीत तगणारा गहू कोणता?"

दाजी या ओळीकडून त्या ओळीकडे बघत राहिले. शेवटी ताईच बोलली, "आता सगळेच तगतील. साहेबांनी सगळ्यांना जेवू घातलंय."

पाहुणे हसले. दाजी सगळ्यांत मोठ्याने हसले. मला त्यांची कीव येत नाही, किळस येते.

ते खत मातीतून सरायला कित्येक वर्षं जातील. यंदाचे सगळे आकडे ताईने रद्द केले. त्या दिवशी मी त्यांच्याकडेच जेवायला होतो. दाजींनी खुशीत विचारलं, "मग, नाव काय द्यायचं तुझ्या वाणाला?"

"कुठल्या वाणाला?" ताई म्हणाली.