आपट्याच्या घरात खाली काही राहत नसे

मुक्ता आणि अर्जुन,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मुक्ता म्हणाली, "आजी, ती निळी ट्रंक दाखव ना, अर्जुनला माझी चित्रं बघायची आहेत." मी नेटवर्क वीक आहे असं सांगून कॉल बंद केला. नेटवर्क चांगलं होतं. आता तुम्ही डिसेंबरात माझ्याकडे येणार, आल्या आल्या ट्रंक उघडणार... म्हणून त्याआधी हे लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, पण इंग्रजीत मी फार नीटनेटकं लिहिते आणि त्यात निम्मं झाकलं जातं. बाबाकडून वाचून घ्या. त्यालाही हे सगळं माहीत नाही.

आधी एक सांगते. भूत, करणी, नजर यातलं मी काही मानत नाही. शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. मी अमावास्येला नखं कापते. मांजर आडवं गेलं तर ते पलीकडे जाईपर्यंत थांबते, तेही त्याच्या सोयीसाठी. त्यामुळे पुढचं वाचून आजी बदलली असं समजू नका.

आमची पनवेलची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा माझ्यापुढे दोन पर्याय होते – कामोठ्यात भाड्याचा फ्लॅट, नाहीतर आजोबांनी आपट्याला पाताळगंगेच्या काठी बांधलेलं घर. कामोठ्याला खालच्या मजल्यावर ट्यूशन क्लास, समोर रिक्षा स्टँड. मला नदी हवी होती. बाबा म्हणाला, "आई, आधी पुराचा आणि काठ खचण्याचा धोका तपासून घे. इंजिनियरने लेखी दिलं तरच राहायचं."

इंजिनियर निघाला इम्रान, माझा जुना विद्यार्थी. तिपाईवर दुर्बीण लावून त्याने नदीपासून जोत्यापर्यंतची उंची मोजली. आजूबाजूच्यांना विचारलं, आजवरचं सगळ्यात मोठं पाणी कुठवर आलं होतं? प्रत्येकाने वेगळी खूण दाखवली. त्यातली सर्वांत वरची त्याने धरली आणि आपलं जोतं त्याहूनही उंच निघालं. मग काठाच्या कडेला ओळीने खुंट्या ठोकल्या. कड मागे सरकली तर खुंट्या पडतील, म्हणजे कळेल.

"टीचर, नदी काठ कुठे कापते?" त्याने मलाच विचारलं.

"वळणाच्या बाहेरच्या अंगाला."

"आणि आपलं घर?"

"आतल्या अंगाला. तिथे गाळ साचतो."

"झालं तर. उत्तर तुमचं, सही माझी."

मला फार बरं वाटलं. निघताना पाहते तर पायरीवर काढलेल्या चपला नाहीत. त्या सापडल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, खाली वर्तमानपत्राची घडी घालून ठेवलेल्या. इम्रानने जमिनीवर ठेवलेली बॅग कपाटाच्या डोक्यावर. तो हसला. "टीचर, अजून एव्हरीथिंग इन इट्स प्लेस चालू आहे तर." मीही हसले. पण चपला मी ठेवल्या नव्हत्या, आणि बॅगला मी हात लावला नव्हता.

दिवाळीनंतर मी राहायला गेले. बरोबर तुमची ट्रंक होतीच. मुक्ताची चित्रं, अर्जुनची बालवाडीची बॅग, तुमच्या जन्माचे अल्बम, आणि माझ्या आईने शिवलेली कुंची, जी आधी बाबाने घातली, मग तुम्ही दोघांनी. तुम्ही परदेशी गेलात तेव्हा तुमच्या आईने ती ट्रंक माझ्या हवाली केली होती. म्हणाली होती, "तुमच्याकडे काही हरवत नाही."

आणि मग ते सुरू झालं. रोज नव्हे... पंधरवड्यातून एखादी सकाळ. तांदळाचा डबा खालच्या फडताळातून ओट्यावर. गॅसच्या शेगडीखालची बटाट्याची टोपली फ्रिजवर. चपला खिडकीत, खाली वर्तमानपत्र. काही मोडलेलं नाही, सांडलेलं नाही, चोरीला गेलेलं नाही. फक्त खालचं वर. मी काय केलं असेल? तुम्ही ओळखलंच असेल. प्रत्येक वस्तू उचलून तिच्या जागी ठेवली.

झाडलोट करायला गावातली सुमन यायची. तिला विचारलं.

"माकडं असतील," ती म्हणाली. "आमच्याकडं पन येतात."

"माकडं चपलांखाली पेपर घालतात?"

"मग तुमीच ठेवलं असल. पेपर तर तुमीच वाचता, मला कुठं वाचता येतो."

हेच मला झोंबलं. कारण चपला वर ठेवायची वेळ आलीच तर खाली कागद घालणारी त्या घरात एकच बाई होती – मी. उमजलं का, मी कशाला घाबरले? भुताला नाही. माझी वर्गमैत्रीण अशीच हळूहळू विसरत गेली होती. शेवटी तिने फ्रिजमध्ये चष्मा ठेवला आणि मुलाला "आपण कोण?" म्हणून विचारलं. मी गुपचूप पनवेलला डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी त्यांचीच एक चूक दाखवली. "तुम्हाला काही झालेलं नाही," ते म्हणाले. तरी मी बाबाला कळवलं नाही. कळलं असतं तर त्याने मला एकटीला तिथे राहू दिलं नसतं.

उन्हाळ्यात एका सकाळी तुमची ट्रंक जेवणाच्या टेबलावर होती. ती पत्र्याची ट्रंक दोन हमालांनी खाटेखाली सरकवली होती. माझ्याच्याने ती एका बाजूनेही उचलवत नाही. मी सुमनवर ओरडले. लादी पुसताना नवऱ्याला बोलावून उचललीस आणि आता नाकारतेस, असं म्हटलं. खोटारडी म्हटलं.

ती पदर खोचून उभी राहिली. "मी आनि ही पेटी? माज्या कंबरेला पट्टा हाय तो दिसत नाय? बाई, तुमी शिकलेल्या, मी काय बोलू. पन खोटं नाय बोलत मी." नंतर तिचा नवरा आला, त्याने ट्रंक खाली उतरवून दिली, माझ्याकडे न बघता. सुमन आठवडाभर आली नाही. मी माफी मागितली नाही. आली तेव्हा तिला चहा दिला आणि तेवढ्यावर भागवलं.

आपल्या घराबद्दल मी पुष्कळ चौकशी केली. आजोबांनी घेतली तेव्हा ती मोकळी जमीन होती. तिथे कुणी बुडालेलं नाही, विहीर नाही, जुनं झाड नाही. तुम्ही वाचता तसल्या गोष्टींतलं एकही कारण तिथे सापडलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर इम्रान पुन्हा आला. खुंट्या जागच्या जागी होत्या. "काठ हललेला नाही, टीचर. निर्धास्त राहा." मग वही मिटता मिटता त्याने विचारलं, "आणखी काही? घराला तडे, ओल, काही विचित्र जाणवलं?"

हा क्षण मी पुन्हा पुन्हा आठवते. सांगायला तोंड उघडलं होतं. पण समोर माझा विद्यार्थी, एके काळी मी ज्याचे नकाशे तपासले तो... त्याला काय सांगू, की या घरात वस्तू आपोआप वर जातात? "नाही," मी म्हटलं. "सगळं जिथल्या तिथे आहे."

श्रावणात दोन दिवस पाऊस थांबला नव्हता. सकाळी उठले तर सगळं घर वर गेलेलं. डबे, टोपली, पायपुसणं, चपला, खालच्या फळीवरची पुस्तकं, आणि ट्रंक टेबलावर. मला भीती नाही, राग आला. सुमनच्या नवऱ्याला पुन्हा कसं बोलवायचं? म्हणून मी ट्रंक उघडली, तुमची एकेक वस्तू बाहेर काढली आणि पुस्तकांच्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर रचली. चित्रं, बॅग, अल्बम, आणि सगळ्यावर कुंची. रिकामी ट्रंक खुर्चीवरून घसरवत खाली आणली. डबे खाली. चपला दारात. जेवून ट्रंक भरायची असं ठरवलं आणि पानावर बसले.

पाणी नदीकडून आलं नाही. नदी फुगल्यामुळे घरामागच्या ओढ्याचं पाणी मागे फिरलं आणि मागच्या दाराने शिरलं. रिपोर्टात नदी होती, ओढा नव्हता. इम्रानला सुचलं नाही आणि मलाही नाही, जिने हे फळ्यावर बाण काढून शिकवलं होतं.

सुमनच आली, मांडीएवढ्या पाण्यातून, नवऱ्याला घेऊन. "बाई, ताट ठेवा. निघा आता."

"ट्रंक..."

"पेटी ऱ्हाऊ द्या. तुमी चला."

दारात चपला शोधल्या, मिळाल्या नाहीत. अनवाणीच निघाले. वाटेत तिने माझा हात सोडला नाही. मी जिला खोटारडी म्हटलं होतं ती ही.

पाणी उतरल्यावर आम्ही परत गेलो. भिंतीवरची चिखलाची रेघ खाटेच्या वर होती, टेबलाच्या खाली. तुम्हाला कळलं ना? टेबलाच्या खाली. मी हात लावला नसता तर तुमचं सगळं सुखरूप राहिलं असतं. चित्रांचा लगदा झाला होता. अल्बमची पानं सोडवताना तुमचे चेहरे कागदावरून निघून माझ्या बोटांना लागले.

कपाटाच्या डोक्यावर काही कोरडं राहिलंय का ते बघायला सुमन स्टुलावर चढली आणि म्हणाली, "बाई, हे काय ठेवलंय?" माझ्या चपला होत्या, कोरड्या, वर्तमानपत्रावर. आणि त्यांच्यापासून दूर, पलीकडच्या टोकाला, स्वच्छ रुमालावर घडी करून ठेवलेली कुंची. मी ती त्या सकाळी खालच्या फळीवर ठेवली होती. चपला दारात ठेवल्या होत्या. त्यानंतर स्टुलावर मी चढले नव्हते, मला चढता येत नाही.

"तुमीच ठेवलं असल," सुमन म्हणाली.

"असेल," मी म्हटलं.

आता मी कामोठ्यात राहते. आपट्याचं घर बंद आहे. चपला सापडल्या त्याच दिवशी ओढ्याकडे तोंड करून मी सुमनची माफी मागितली होती. ती म्हणाली, "आदी चिखल काडू." त्या घरात कोण होतं, कुणी होतं की नव्हतं, ते मला आजही सांगता येत नाही. जे होतं ते मला सारखं एकच सांगत होतं, आणि मी दर वेळी ते खोडून जागच्या जागी लावत होते, एवढं मात्र माहीत आहे.

निळ्या ट्रंकेत आता फक्त कुंची आहे. तिचा एक बंद उसवला आहे. बाकी ती चांगली आहे.

तुमची आजी