जगभर बसून आलेला माणूस

माझा नवरा वेलिझार व्यावसायिक बास्केटबॉल खेळायचा असं सांगितलं की लोक मान वर करून त्याची उंची बघतात आणि मग विचारतात, "कुठे खेळला?" मी म्हणते, "खेळला असा कुठेच नाही. बसला मात्र पुष्कळ ठिकाणी." ग्रीसमध्ये बसला, सायप्रसमध्ये बसला, रुमानियात तर तीन हंगाम बसला. अंगात ट्रॅकसूट, गळ्यात टॉवेल आणि बाकाच्या टोकाची जागा पक्की. संघ तीस गुणांनी पुढे असला किंवा तीस गुणांनी बुडाला, की शेवटच्या मिनिटाला ह्याला मैदानात सोडायचे. माझी सासू स्तानाबाई शेजारणींना ऐटीत सांगायची, "माझा मुलगा जगभर बसून आलाय!"

पण वीस जानेवारीला तिची थट्टा बंद. त्या दिवशी आमच्या घराण्याच्या संताचा, संत योव्हानचा सण असतो, आमची स्लावा. आमंत्रण कुणाला द्यायचं नाही आणि आलेल्या कुणाला उपाशी पाठवायचं नाही. घरधन्याने सकाळी मोठी मेणबत्ती लावायची, दिवसभर पाहुण्यांपुढे उभं राहायचं, टेकायचंसुद्धा नाही, आणि संध्याकाळी वाइन ओतून ती मेणबत्ती स्वतः विझवायची. ती आपली आपण विझली तर त्या घराचं काही खरं नाही. आता जानेवारी म्हणजे ऐन हंगाम! घरधनी परक्या देशात बाकावर, आणि इथे त्याच्या जागी सासूबाई उभ्या. वाइन ओतताना म्हणायच्या, "तू बस रे राजा, मी आहे उभी." त्या बैठकीत उभ्या, मी चुलीपाशी उभी. अशी चौदा वर्षं गेली.

मग गुडघे बोलायला लागले तसा तो आमच्या गावी, वर्बित्साला परतला आणि गावच्या क्लबचा कोच झाला. देवा रे, काय सांगू! कोचला उभं राहता येतं ना! साठलेलं सगळं बाहेर पडलं. उड्या काय मारायचा, शर्ट काय फाडायचा, स्वतःच्याच खेळाडूच्या गळ्यात काय पडायचा. दर सामन्यानंतर मी बटणं शिवत बसायची. गावातले निम्मे लोक सामना बघायला यायचे आणि निम्मे ह्याला बघायला. पण जानेवारीतले सामने काही सुटेनात, मेणबत्तीपाशी उभ्या सासूबाईच.

गेल्या वसंतात सासूबाई गेल्या. शेवटपर्यंत शुद्धीत होत्या. वेलिझारचा हात धरून म्हणाल्या, "पुढच्या स्लावाला मी नाही. मेणबत्ती तू विझव. बाकी काही मागत नाही मी तुझ्याकडे." त्याने शब्द दिला. आणि नेमका वीस जानेवारीला, संध्याकाळी पाचला, गोर्नी ब्रेग गावाविरुद्धचा सामना लागला. त्यात क्लबच्या अध्यक्षाने सांगून ठेवलेलं, हरलास तर सोमवारी हॉलच्या किल्ल्या टेबलावर ठेव.

"सातच्या आत संपेल," वेलिझार मला म्हणाला. "मेणबत्ती आठपर्यंत टिकते. पळत येईन."

"पळत? त्या गुडघ्यांनी?"

"मग रांगत येईन, दोब्रिला. पण येईन."

सणाच्या दिवशी बर्फ पडणार म्हणून गोर्नी ब्रेगची बस सकाळीच निघाली आणि दुपारीच येऊन थडकली. हॉलला कुलूप. पोरांनी जायचं कुठे? दार वाजलं, बघते तर त्यांचा कोच तिहोमिर. हा आमचा कूम, म्हणजे लग्नात साक्षीला उभा राहिलेला, सख्ख्या भावाहून जवळचा. सायप्रसला वेलिझारच्या शेजारीच बसायचा. त्याच्या मागे बारा ताडमाड पोरं, आणि पोरांच्या मागे टक्कल पडलेला पंच.

"वहिनी," तिहोमिर म्हणाला, "आमंत्रण लागत नाही ना?"

"आलास तोच चेष्टा घेऊन? या, आत या, बूट झटका!"

वेलिझार मला स्वयंपाकघरात ओढून नेऊन पुटपुटला, "वाढ दोब्रिला, हात आखडू नकोस. पळता येता कामा नये एकालाही!" गालातल्या गालात हसत बाहेर गेला आणि पाहुण्यांना आग्रह करकरून वाढू लागला. कोबीच्या पानात खिमा भरून शिजवलेल्या सारम्या, भाजलेलं डुक्कर, वर सात प्रकारचे केक. तेवढ्यात पुन्हा दार वाजलं. आमचा स्वतःचा संघ! पुढे ओग्नेन, आमचा सगळ्यात उंच पोरगा.

"कोच, आमंत्रण लागत नाही ना?"

ह्याच पोरांना वेलिझारने बजावलं होतं, दुपारी फक्त उकडलेला भात. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला! पण आलेल्याला हाकलणार कसा? वाढलं बिचाऱ्याने. ओग्नेनने किती सारम्या हाणल्या ते मी मोजायचं सोडून दिलं. साडेचारला सगळी वरात पोटावर हात ठेवून हॉलकडे निघाली.

मी घरी राहिले, मेणबत्तीपाशी. रेडिओ लावला. आमच्या गावच्या रेडिओवर सामना सांगतो ओब्राद, तोही दुपारी जेवून गेलेला. "बॉल ओग्नेनकडे," तो उचकी देत म्हणाला, "ओग्नेन चालतोय. मंडळी, खरंच चालतोय." मध्यंतराला गुण किती? चौदा-बारा! दोन्हीकडून कुणाला उडीच मारवेना. शेवटी बरोबरी. जादा वेळ दिला, त्यातही बरोबरी. पुन्हा जादा वेळ. इकडे मेणबत्ती बोटभर उरली, मग नखभर. मी तिला म्हटलं, "बाई, दम धर, तुझ्या पाया पडते."

सोडून यायचं ना सरळ, असं म्हणाल. आमच्या गावात सामना टाकून पळालेल्या कोचला बेकरीवाला पाव देत नाही. पण पंचाने हाकललेला कोच? त्याला लोक डोक्यावर घेतात! तेव्हा वेलिझारच्या मनात काय आलं ते मी ओब्रादच्या आधी ओळखलं.

"वेलिझार पंचाला आंधळा म्हणाला!" ओब्राद ओरडला. "पंच हसतोय. म्हणतोय, आज तुमचा सण, चालायचंच. वेलिझारने कोट भिरकावला! पंचाने... पंचाने कोट घडी करून परत दिला. वेलिझार त्याला गाढव म्हणाला! पंच म्हणतोय, केक फार छान होते."

"अरे हाकल ना मेल्या!" मी रेडिओवर ओरडले. "खाल्ल्या मिठाला जाग!"

"अरे अरे अरे! वेलिझार मैदानात घुसला! ओग्नेनच्या हातातून बॉल घेतला! टाकला, अर्ध्या मैदानातून टाकला आणि... पडला! मंडळी, आत पडला!"

सगळा हॉल किंचाळला, आणि मीही. चौदा वर्षं ज्याला कुणी धड बॉल दिला नाही त्याने अर्ध्या मैदानातून टाकलेला! तो गुणांत धरणार नव्हते हे ठाऊक असूनही मी एकटी टाळ्या वाजवत होते. ओब्रादने सांगितलं, पंचाने डोळे पुसत दाराकडे बोट दाखवलं. वेलिझारने त्याच्या टकलाचा मुका घेतला आणि तो सुटला.

मेणबत्ती आता वितळलेल्या मेणात बुडत होती. ज्योत एवढीशी झाली. वाइनचा पेला माझ्या हातात होता. ओतू का मी? हात पुढे जाईना. सासूबाईंनी त्याच्याकडे मागितलं होतं, माझ्याकडे नाही. तेवढ्यात धाडकन आवाज झाला. चौकटीवर कपाळ आपटल्याचा आवाज. वीस वर्षं तो आवाज ऐकतेय, पण इतका गोड कधी वाटला नव्हता. डोक्यावर बर्फ, शर्टाला एक बटण, एक पाय ओढत आत आला. त्याने पेला घेतला, वाइन ओतली. ज्योत चर्रकन विझली.

"आई," तो म्हणाला, "मी उभा आहे."

मागे ओब्राद घसा फोडून सांगत होता की वेलिझारच्या दंग्याबद्दल मिळालेले दोन्ही फ्री थ्रो गोर्नी ब्रेगने वाया घालवले, आणि मग ओग्नेनने धापा टाकत शेवटचा बॉल आत ढकलला, आम्ही जिंकलो. आम्हा दोघांचं लक्षच नव्हतं. थोड्या वेळाने गाणी म्हणत दोन्ही संघ दारात हजर, सगळ्यांच्या पुढे हरलेला तिहोमिर. "वहिनी, सारम्या उरल्यात का?" पुन्हा चूल पेटली. वेलिझार शेवटचा पाहुणा जाईपर्यंत उभा राहून वाढत होता.

सगळे गेल्यावर मी त्याच्यासाठी खुर्ची ओढली. "बस आता. मेणबत्ती विझली, आता चालतं."

त्याने खुर्ची माझ्या हातातून घेतली, वळवली आणि खांद्याला धरून मलाच तिच्यात बसवलं. "मी खूप बसलोय," म्हणाला, आणि टॉवेल गळ्यात टाकून, बाह्या सारून भांड्यांच्या ढिगाकडे वळला. संत योव्हानच्या दिवशी त्या घरात मी पहिल्यांदा बसले, आणि बसल्या जागी मला असं रडू फुटलं की थांबेचना.

वेलिझारने ओल्या हाताने स्वतःच्या गळ्यातला टॉवेल काढून माझ्या गळ्यात टाकला. "रडू नकोस गं," तो म्हणाला. "बाकावर पहिल्या दिवशी सगळेच रडतात."